तेच घेऊन बसायचं नाही

आयर्लंड
९ मार्च २०२५

मादीन,

बेसांव दी.

शाळेत तू इनासिया टीचर होतीस, तेव्हा 'तुम्ही' म्हणायचो आणि मार खायचो. पण बाप्तिस्म्याला मला हातावर धरून पहिला आशीर्वाद दिलास ती मादीन तूच, म्हणून पत्रात 'तू' लिहिणार. चुका लाल पेनाने काढून परत पाठवू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मायला फोनमधलं तोंड बघितलं की भीती वाटते, म्हणून हा कागद. तिला वाचून दाखव. मोठ्याने.

मी बरा आहे. काम म्हाताऱ्यांच्या आश्रमात, कपडे धुवायच्या खोलीत. एकतीस माणसं. प्रत्येकाच्या कपड्याला आतून नावाची पट्टी शिवायची, म्हणजे एकाची पँट दुसऱ्याला जात नाही. माणूस गेलं की पट्टी उसवायची. आठवी नापासाला एवढं जमतं.

आता विचारायचं ते. इथे नोरा म्हणून एक म्हातारी आहे. रोज चहाच्या वेळी दारात उभी राहून विचारते, टॉम कुठे? टॉम तिचा नवरा. मरून अकरा वर्षं झाली. मला काय ठाऊक? पहिल्या दिवशी मी सांगून टाकलं, तो गेला. बाई जमिनीवरच बसली. मग मोठी नर्स आली, म्हणाली, टॉम कामावर गेलाय, येईल. नोरा उठली, चहा प्याली, दोन बिस्किटं खाल्ली. मला बाजूला घेऊन नर्स म्हणाली, "वुई डोन्ट ड्वेल ऑन इट, ब्लेझ."

मान हलवली. कळलं काही नाही. याचा अर्थ काय, आणि कुठे कुठे वापरायचं ते लिही.

नोव्हेंबरात येतो. क्रिस्टोफरला जाऊन तीन वर्षं होऊन गेलेली असतील, फोंड उघडून हाडं वर काढतील. त्या वेळी मला मायच्या बाजूला उभं राहायचंय. ती मला त्या दिवशी जे बोलली ते तुला माहीत आहे. मला एकदाच तिच्या तोंडून ऐकायचंय की तसं नाही. तेवढं झालं की बास.

तुझा,
ब्लेझ


आरोंदा
२ एप्रिल २०२५

ब्लेझ,

देवाचें बेसांव तुका.

शाळेत असताना एवढे प्रश्न विचारले असतेस तर आठवीत बसला नसतास.

'ड्वेल' म्हणजे जुन्या इंग्रजीत राहणं, मुक्काम करणं. पण पुढे 'ऑन' लागला की घर सुटतं आणि मन येतं. एखाद्या गोष्टीवर मन जाऊन बसतं आणि उठत नाही, त्याला म्हणायचं ड्वेल ऑन. बहुतेक वेळा गोष्ट दुःखाची असते, चुकीची असते. आंब्याच्या बाठ्याविषयी कोणी असं बोलत नाही. भूतकाळ 'ड्वेल्ट'. बोलण्यात बहुतेक नकार देऊनच वापरतात, म्हणजे नको, करू नको. आपल्याकडे म्हणतात, "तेच घेऊन बसू नको." शेजारची सावित्री म्हणते, "मेल्या, उगाळतंस काय चंदनासारख्यां!" अर्थ तोच.

वाक्यात उपयोग. 'डोन्ट ड्वेल ऑन युअर मिस्टेक्स.' चुका उगाळत बसू नको. हे वाक्य तुझ्यासाठी आहे, वहीत उतरून ठेव.

पण तुझ्या मायवर हे वाक्य चालत नाही. रोज सकाळी उठून विचारते, "क्रिस्टोफर खंय?" मी सांगते, तो माडावरून पडून गेला, तीन वर्षं होत आली. मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. मग ती रडते. जुनं रडणं नव्हे रे, पहिल्या दिवसाचं. दुपारपर्यंत विसरते. दुसऱ्या दिवशी परत. ती त्या गोष्टीवर बसून राहत नाही. ती रोज नव्याने तिथे पोचते.

तुझं पत्र वाचून दाखवलं. बिस्किटांना हसली.

तुझी मादीन,
इनासिया


आयर्लंड
२७ एप्रिल २०२५

मादीन,

बेसांव दी.

तू रोज सकाळी माझ्या मायला मुलगा मेल्याची बातमी देतेस. हे खरं बोलणं की मार देणं? शाळेतली सवय अजून गेली नाही वाटतं.

रागावू नकोस. पण मी इथे बघतो ना. नोराला "कामावर गेलाय" सांगितलं की ती जेवते, केस विंचरून घेते. तूही सांग. क्रिस्टोफर कामाला गेलाय, भायर, परदेशात. त्यात पाप असेल तर ते माझ्या नावावर घाल, तिथे आधीच गर्दी आहे.

मला झोपताना तो माड दिसतो. त्या दिवशी नारळ काढायची पाळी माझी होती. मी गेलो बांद्याला बॉल खेळायला. पाऊस पडून गेला होता, बुंधा शेवाळलेला. माय म्हणाली राहू दे, तर तो म्हणाला, ब्लेझ काय आज येत नाय, मीच चढतंय. मी परत आलो तेव्हा त्याला खाटेवर ठेवलेला. आणि माय माझ्याकडे बघून बोलली, "तुझ्या बदल्यात गेलो तो." एवढंच. परत कधी बोलली नाही, पण परत घेतलंही नाही.

त्याला सूट घातला, तर पट्टा नव्हता. मी माझा काढून दिला, दोन घोड्यांच्या बक्कलचा, टूर्नामेंटला मिळालेला. तुला आठवतं? तूच म्हणालीस, मेलेल्या माणसाला एवढं चकचकीत कशाला. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

नर्सचं वाक्य रोज म्हणतो. अजून उपयोग झाला नाही.

ब्लेझ


आरोंदा
३० मे २०२५

ब्लेझ,

देवाचें बेसांव.

पापाच्या गोष्टी मला शिकवू नकोस. मी नाहीच म्हणाले होते. पण मंगळवारी मी यायच्या आत सावित्री तुमच्या ओट्यावर बसली होती. मायने विचारलं, आणि सावित्रीने भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "गो सेलिना, तो कामाक गेलो मगे, भायर. असो काय करतंस, तूच डबो दिलंस ना तेका!" मी पोचले तर माय पेज पीत बसलेली. वर मलाच म्हणाली, "इनासिया, तुका ठावक आसा? क्रिस्टोफर भायर गेलो!" तिचे ओठ वाचले आणि मी ते खोडून काढणार होते. पण तिचं तोंड मी तीन वर्षांत असं बघितलं नव्हतं.

मी गप्प बसले. त्या दिवसापासून गप्पच आहे.

आता सकाळी रडणं नाही. दोनदा अंगण झाडलं. कोकमं उन्हात घातली. तुझं म्हणणं बरोबर निघालं, असं लिहायला माझा हात जड होतो, पण लिहिते.

इनासिया


आयर्लंड
२२ जून २०२५

मादीन,

बेसांव दी!

तुझं पत्र वाचून मी कपड्यांच्या खोलीत नाचलो. इथल्या बाईला वाटलं लॉटरी लागली. म्हटलं, माय माझी अंगण झाडते!

बघ, नापास पोराचं ऐकलंस तर बरं झालं. आता मी नोव्हेंबरात येतो तोवर ती आणखी सुधारेल. मग मी तिला हाताला धरून फोंडावर नेईन आणि हळू समजावीन. माझ्या तोंडून ऐकलं की तिला सोसेल. नाही का?

माझी पत्रं वाचतेस तेव्हा काय म्हणते? माझं नाव काढते का? तिचेच शब्द लिही, तुझे सुधारलेले नकोत.

इथे नोरा तीन दिवस टॉमवर रुसलीय. म्हणते, रोज कामावरच असतो, एकदाही भेटायला आला नाही, दुसरी ठेवली असणार. आम्ही सगळे हसतो. अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर संशय!

ब्लेझ


आरोंदा
२५ जुलै २०२५

ब्लेझ,

देवाचें बेसांव.

खाडीचं पाणी यंदा कुंपणापर्यंत आलं. तुमच्या गोठ्याची दोन कौलं सावित्रीच्या देवेशने बदलली.

माय जेवते. तुझी पत्रं उशाखाली ठेवते, मला परत देत नाही. शेजारणींना दाखवते, माझ्या झिलाचां पत्र म्हणून.

नोव्हेंबरात ये. त्याआधी जमलं तर आधी ये. पत्राने सगळं होत नाही.

इनासिया


आयर्लंड
२० ऑगस्ट २०२५

मादीन,

तू मला नापास म्हणायचीस, पण तुझं पत्र मला वाचता येतं. त्यात एकच वाक्य खरं होतं, शेवटचं. म्हणून मी सावित्रीकाकीच्या तन्वीला फोन लावला आणि म्हटलं, मला माय दाखव. भ्याली तर भ्याली.

ती भ्याली नाही. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "क्रिस्टोफर! बारीक झालंस मरे. जेवतंस मां?"

मी म्हटलं, माये, मी ब्लेझ. तिने ऐकलंच नाही. मग मी विचारलं, "आणि ब्लेझ खंय?"

तिने कपाळापासून छातीपर्यंत खुरीस काढला, मेलेल्यासाठी काढतात तसा. पदर तोंडावर घेतला. तन्वीने फोन बंद केला.

तुला कधीपासून माहीत होतं?

आणि आता माझंही ऐक. मी येऊ शकत नाही. मायच्या बापाचा जन्म गोव्यातला, पोर्तुगालच्या वेळचा, त्यावर मी पोर्तुगालचा पासपोर्ट केला. तो झाला की आपला भारताचा जुना जमा करून दाखला घ्यावा लागतो, नाहीतर घरी यायला व्हिसा नाही. जुना मी घाईत एका एजंटच्या हातात दिला. पावती नाही. फोन नाही. तो आता कुठे आहे देवाला ठाऊक. सहा महिने हे मला माहीत आहे, आणि मी तुला नोव्हेंबर, नोव्हेंबर लिहीत होतो. तू लपवलंस, मीही लपवलं.

ब्लेझ


आरोंदा
१८ सप्टेंबर २०२५

ब्लेझ,

देवाचें बेसांव तुका, पोरा.

मला जुलैपासून माहीत होतं. तुझं ते नाचण्याचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, क्रिस्टोफराची अक्षरां सुधारली. मी म्हटलं, हे ब्लेझचं. तर माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मीच वेडी. तेव्हापासून मी खालची सही वाचत नाही.

तिचं गणित सोपं आहे रे. दोन मुलगे. एक सिमितेरीत पुरलेला आहे, हे तिच्या आत कुठेतरी पक्कं आहे, ते आपल्याला पुसता आलं नाही. आणि आपणच सांगितलं, क्रिस्टोफर भायर आहे. मग उरला कोण?

तुला आधी लिहायला हवं होतं. मला वाटलं, तू आलास, समोर उभा राहिलास, की सगळं जागेवर येईल.

आता काय करू ते तूच सांग. यापुढे मी माझ्या मनाने काही करणार नाही.

इनासिया


आयर्लंड
८ ऑक्टोबर २०२५

मादीन,

बेसांव दी.

सांगतो. फोंड उघडायच्या दिवशी तिला ने. फोंडावरच्या खुरसावर त्याचं नाव आहे, पांढऱ्या रंगाने तूच लिहिलेलं. तिचं बोट त्यावर ठेव. सांग, हा क्रिस्टोफर. ब्लेझ जिवंत आहे. रडू दे. पुन्हा रोज सकाळी रडली तरी चालेल. मला माहीत आहे मी काय मागतोय. एप्रिलमध्ये मीच तुला याच्यासाठी शिव्या दिल्या.

ती माझ्यावर रागावलेली असली तरी चालेल. पण मी असायला हवा ना?

तुझा,
ब्लेझ


आरोंदा
१२ नोव्हेंबर २०२५

ब्लेझ,

देवाचें बेसांव.

काल उघडलं. तू सांगितलंस तसंच करायचं ठरवून मी तिला नेलं. एका बाजूला सावित्री, एका बाजूला मी. खुरसावरचा रंग तीन पावसाळ्यांत उडून गेलाय, पण कोरलेलं हाताला लागतं. तिचं बोट मी 'क्रि'वर ठेवलं. म्हटलं, "सेलिना, हो क्रिस्टोफर. आयकतंस? ब्लेझ जितो आसा." ती थांबली. अक्षरावरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, तिला कळत होतं. अर्ध्या मिनिटाचं काम राहिलं होतं.

तेवढ्यात फोंडात उतरलेल्या माणसाने माती झाडून काहीतरी वर दिलं. दोन घोडे. हिरवे पडलेले, पण दोन्ही शाबूत.

तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "ह्यो ब्लेझाचो पट्टो," म्हणाली. "बॉल खेळान मिळवलेलो. माका फसवतंस, इनासिया?" आणि मग ती जशी रडली, तशी तुझ्या भावाच्या वेळीही रडली नव्हती.

हाडं धुऊन भिंतीतल्या कप्प्यात ठेवली. आज सकाळी तिने स्वतः चर्चमध्ये जाऊन मेलेल्यासाठी प्रार्थनेची मिस लावून घेतली. मला माहीत नव्हतं. मी दुसऱ्या बाकावर होते. फादर वाचायला लागले, ज्यांच्यासाठी मिस आहे त्यांची नावं. मला ऐकू येत नाही, मी ओठ बघते. त्यांच्या ओठांवर तुझं नाव आलं. उभं राहून ओरडायला हवं होतं. सगळं गाव बघत होतं, सगळ्यांना माहीत आहे तू जिवंत आहेस, आणि कोणी काही बोललं नाही. सावित्रीसुद्धा नाही. मीही नाही.

घरी आल्यावर तिने मला कागद घ्यायला लावला. क्रिस्टोफरला पत्र लिही म्हणाली. बोलली ते तसंच उतरवलंय, तू म्हणतोस तसं, न सुधारता. पाठवू की नको, हा विचार दिवसभर केला. पाठवतेय.

इनासिया

    क्रिस्टोफर बाबा,
    तुझां पत्र खूप दिसांत नाय. ब्लेझाक काल भायर काढलो. पट्टो तसोच आसा, मी उशाक ठेवलंय. तू मनात काय धरू नको. त्या दिसा तू बॉल खेळूक गेलंस म्हणान तो माडार चढलो. तेव्हा मी तुका वायट बोललंय. पोरगो गेल्यार आवस काय बोलता तां तिचां तिकाच कळना नाय. तुझो गुन्यांव नाय रे. शेवाळ होतां, पाय सरकलो, झालां. ब्लेझ गरीब होतो, सांगितल्यार आयकणारो. तू उनाड, पण माझोच मां? वेळेर जेव. काम सोडून येव नको.
    तुझी माय


आयर्लंड
७ डिसेंबर २०२५

मादीन,

बेसांव दी.

बरं केलंस पाठवलंस. कपड्यांच्या खोलीत मशीन चालू करून वाचलं, आवाजात कोणाला कळत नाही.

मला पाहिजे होतं ते तिने दिलं. अक्षर न अक्षर. पाकिटावर नाव दुसऱ्याचं, एवढंच. आणि बघ, मेल्यावर मी गरीब झालो, सांगितलेलं ऐकणारा. जिवंतपणी हे कोणी म्हणालं नाही, तूही नाही.

नोरा गेली. शेवटचा आठवडा भिंतीकडे तोंड करून होती. टॉम आला तरी त्याच्याशी बोलायचं नाही, असं ठरवून. आपण तिला रुसवून मारली असं मला वाटतं. मोठ्या नर्सला तसं म्हटलं, तर तेच वाक्य म्हणाली आणि उसवायला कपडे दिले. तू शिकवलेला अर्थ आता मला पाठ आहे. वापरायचं कुठे ते कळत नाही.

नोराचे कोट चांगले होते. पट्टी बदलून दुसरीला दिले. ऊब तीच लागते.

एजंटचा पत्ता नाही. नवीन अर्ज केलाय, वर्ष म्हणतात, दोन म्हणतात. आलो तरी कोण म्हणून येणार? तेव्हा यापुढे तिला काही समजावू नकोस. सोबतचा कागद तिला वाचून दाखव. सहीसकट.

ब्लेझ

    माये,
    बेसांव दी.
    तुझां पत्र गावलां. मी बरो आसंय. थंडी आसा, पण कोट दिलेलो आसा. वेळेर जेवतंय.
    गुन्यांव नाय म्हणान लिहिलंस, तां मी खूप वेळा वाचलंय.
    ब्लेझ तू म्हणतंस तेवढो गरीब नव्हतो माये. माझ्यासारखोच उनाड. पण तेचो तुझ्यार जीव होतो. तेका तू काय वायट बोललं असशीत, तर तां तेणां मनात ठेवक नाय. माका ठावक आसा, मी तेचो भाव.
    पट्टो उशाकच ठेव.
    सावित्रीकाकी सांगतली, आता तेच घेवन बसू नको. तिचां आयकू नको. रोज एकदा ब्लेझाचां नाव घे. मादीनीच्या समोर बसान घे, म्हणजे तिकाय दिसतलां.
    तुझो,
    क्रिस्टोफर